जैसे थे

सखुबाईंची फाइल दत्तात्रेयांनी स्वतःच्या हाताने स्कॅन केली आणि सकाळी दहा वाजता बटण दाबलं. फाइल बाजूला काढता आली असती. जुन्या कागदांच्या त्या ढिगात एक कमी आहे म्हणून कोण विचारायला येणार होतं?

अलिबागमधल्या पाच वकिलांच्या ऑफिसांनी मिळून सगळी दप्तरं एकाच संगणकावर आणायला घेतली होती. फाइल चढली की खटल्याची स्थिती दोन्ही पक्षकारांना आपोआप मेसेजने कळणार. दत्तात्रेयांच्या ऑफिसच्या प्राची वकीलबाई या कामावर भलत्याच खूश होत्या. दत्तात्रेय नव्हते. चाळीस वर्षं नोकरी झालेला जुना कारकून, यंत्राला बिचकतो, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांनीही चालू दिलं.

खरी भीती पंधरा वर्षांपूर्वीची होती. सखुबाई विधवा झाल्या आणि दीर त्यांना राहत्या घराबाहेर काढायला निघाला. त्यांनी दावा लावला. निकाल लागेपर्यंत घर जैसे थे ठेवा, असा कोर्टाने हुकूम दिला. दिराच्या वकिलाकडे बाळाराम कारकून होता. वकील एकमेकांशी भांडायचे आणि हे दोघे कारकून चहाच्या टपरीवर एकाच डायरीतून तारखा उतरवून घ्यायचे. तेवढाच एकाचा हेलपाटा वाचायचा.

एकदा बाळारामने तारीख चुकीची लिहिली. दत्तात्रेयांनी तीच उतरवली. दोन्ही बाजू गैरहजर म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला आणि त्याबरोबर जैसे थेचा हुकूमही संपला.

वकिलांना सांगायची दोघांचीही छाती झाली नाही. शेकड्याने फायली असलेल्या वकिलांना एक कमी झालेली जाणवलीही नाही. तेव्हापासून दोघेही आपापल्या पक्षकाराला खोट्या तारखा देत राहिले. दोन वर्षांपूर्वी बाळाराम वारला. मग दिरालाही फोन करून दत्तात्रेयच तारीख कळवू लागले. पाप करायचं तेही कारकुनी नेटकेपणाने!

पण म्हातारीला आशेवर झुलवत ठेवल्याची टोचणी त्यांना सुखाने जेवू देत नव्हती. घर तर तिचं एकुलतं एक. आता लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

साडेअकराला सखुबाई नेहमीसारख्या दिलेल्या तारखेला आल्या. पेणकडून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. दत्तात्रेयांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि मान खाली घालून डायरीपासून सगळं सांगून टाकलं. सखुबाईंनी चहा निवांत संपवला.

"मना ठावं हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "माज्या नातीनं मोबाइलवर बगितलं व्हतं. चार वरसं झाली."

मग दर तारखेला इतक्या लांब कशाला येत होतात, असं दत्तात्रेयांनी कसंबसं विचारलं.

"दिराला दिसाया नको? केस चालू हाय असं त्याला वाटतं, म्हनून तो घराला हात लावत न्हाय. मना वाटलं, भाऊ आपल्यासाठीच ह्ये करतात. रोज दिवा लावताना तुमचं नाव घेतलं मी."

त्यांनी कप खाली ठेवला, पदर सावरला आणि उठता उठता पुढची तारीख मागितली. शक्यतो सोमवार नको, सोमवारी नातीला रजा मिळत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दिराच्या मोबाइलवर मेसेज दहा वाजताच पोचला होता.