लख्मी राजाची मुलगी

दुपारी चारला महाल भागातल्या विणकर सोसायटीची निवडणूक संपली आणि नत्थूजी अध्यक्ष झाले. सोसायटीतल्या दोन गटांचे पुढारी रामाजी आणि जागेश्वर एकमेकांचे कट्टर वैरी, पण दोघांच्याही गटांनी मतं नत्थूजींनाच दिली होती. दिवेलागणीला रामाजी पेढे घेऊन आले आणि आपल्या मुलासाठी नत्थूजींच्या मुलीला, कुसुमावतीला मागणी घालून गेले. जाताना म्हणाले, "उत्तर द्यायले सकाळी तुम्हीच या घरी."

नत्थूजींनी पेढ्याला हात लावला नाही. "याले आजच काहून सुचलं?" असं पुटपुटत ते मागावर बसले.

शेजारी कांड्यांवर सूत भरता भरता कुसुमावती रोज बापाला कॉलेजातला धडा सांगायची. आज लख्मी राजांचा होता. रोम आणि इराण या दोन साम्राज्यांच्या मधे राज्य करणारे ते अरब राजे.

"मंजे माह्यासारखाच दोघांच्या मधात फसला म्हणा थो राजा," नत्थूजी म्हणाले.

"शेवटच्या राजाची पोरगी इराणच्या बादशहानं मागितली, बाबा."

माग थांबला. "मंग, देली का वं त्यानं?"

कुसुमावती क्षणभर घुटमळली. "देली. तरी बादशहानं त्याले मारलंच."

"मले वाटलंच."

सकाळी नत्थूजी नकार कळवायला रामाजींकडे गेले. घर दोन गल्ल्या पलीकडे. दुपार टळली तरी ते परतले नव्हते. जागेश्वरची माणसं दोनदा विचारून गेली.

सरांनी कुसुमावतीच्या वर्गात सांगितलं होतं ते वेगळंच होतं. राजानं मुलगी द्यायला नकार दिला, म्हणून बादशहानं त्याला दरबारात बोलावून घेतलं, आणि तो परत आलाच नाही.