अंगठ्याची सुट्टी

हौसाबाईंचा अंगठा मशीनने तिसऱ्यांदा नाकारला.

“मावशी, कांद्याची पात कापून कापून सगळ्याच बोटांच्या रेषा पार झिजल्यात,” बँकमित्र मास्कमधून म्हणाला. “हाताला आठ दिवस आराम द्या, मग उमटेल.” जमीन हौसाबाईंच्या नावावर, म्हणून टाळेबंदीतली सरकारी मदतही त्यांच्याच खात्यात आली होती.

मग काय! नवऱ्याने, निवृत्तीरावांनी, गाईची धार काढली, भांडी घासली, भाकऱ्याही थापल्या. एकीकडून कच्च्या, दुसरीकडून कोळसा. हौसाबाई ओट्यावर बसून अंगठ्याला खोबरेल चोळत म्हणायच्या, “अहो, पीठ जरा मऊ मळा.” लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दुपारच्या झोपल्या.

आठ दिवसांनी जोडीने पुन्हा बँकमित्राकडे. अंगठ्यावरच्या रेषा आता लख्ख दिसत होत्या. हौसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते पैशांसाठी आणलेली पिशवी खिशातून काढण्यात गुंतले होते. हौसाबाईंनी हळूच मशीनवर अंगठ्याऐवजी करंगळीची कड टेकवली.

लाल दिवा लागला.

बँकमित्राने करंगळीकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे. “अजून आठ दिवस तरी लागतील, मावशी,” तो गंभीरपणे म्हणाला.

“पैसे काही पळून जात नाहीत,” हौसाबाई म्हणाल्या.

निवृत्तीरावांनी पिशवी परत खिशात कोंबली. “चल. आज मऊ मळतो.”