दोरावरचा नवस

छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला, त्या आनंदात बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यावर खेळ ठेवले होते. दोन बुरुजांमध्ये दोर बांधून आमच्या लोधीपुऱ्यातला सुधाकर त्यावरून चालत होता आणि खाली तापीचे खडक होते. उंच जागा दिसली की त्या मेल्याला राहवायचंच नाही. वर्षभर आम्ही चोरून भेटत होतो, पण बाबांना येऊन विचार म्हटलं की तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात."

दोराच्या मधोमध त्याचा पाय घसरला. तो एका हाताने लोंबकळला आणि मी भरगर्दीत, बाबांच्या शेजारी उभी असताना किंचाळले, "इच्छादेवी माय, माझं कुंकू राख! पायी येऊन तुझी ओटी भरीन!"

तो वर चढला. लोक मात्र माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघत होते. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता त्यालाच देऊन टाका हिला. मला चौकात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही."

साखरपुड्याला सुधाकर हळूच माझ्या कानाशी हसला. "सच सांगू? पाय घसरलाच नव्हता. तुझ्या बाबांना विचारायची हिंमत होईना. म्हटलं, तूच ओरडशील."



दुसऱ्या दिवशी मी एकटीच पायी इच्छापूरला, इच्छादेवीच्या देवळात गेले, साखरपुड्यात त्याच्या घरून आलेली साडी देवीच्या ओटीत घातली आणि म्हणाले, "माय, त्याचं पडणं खोटं होतं, माझं कुंकूही खोटंच धर."