स्वकमाईचे कडुलिंब

"किल्ली मिळणार नाही," असं म्हणून सावळीराम गुरुजींनी चहाचा कप बशीत आपटला.

किल्ली ट्रंकेची होती आणि ट्रंकेत होते घरातले सगळे जातीचे दाखले. नात तेजलचा इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख. फीचा आकडा ऐकून तिच्या बापाचे, रवीचे, डोळे पांढरे झाले होते. फॉर्म हुकला तर प्रवेशही जाणार, एवढं सरळ होतं.

"निफाडचा जमिनीचा तुकडा विकतो," गुरुजी म्हणाले. "सरकारपुढे हात पसरायचा नाही. मी पसरला का?"

"आजोबा, हक्काचं आहे ते. त्यात हात पसरणं कसलं?"

"मलाही असंच सांगायचे. पण वर्गात पोरं 'सरकारचा जावई' म्हणाली आणि त्याच दिवशी मी फॉर्म फाडला. चार वर्षं झाडांना पाणी घालून शिकलो!"

झालं, सुरू! ही कहाणी घरात भिंतींनाही पाठ होती. पण ती सांगताना म्हाताऱ्याचा आवाज असा काही ओला व्हायचा की मध्येच उठायची कुणाची छाती नव्हती.

गंगापूर रोडवरचं कॉलेज. तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं. कुंपणालगत कडुलिंबाची चाळीस रोपं. फॉर्म फाडल्यावर आठवड्याभरात हेडक्लार्क यादव भाऊसाहेबांनी बोलावून घेतलं, कामाच्या अर्जावर सही करायला लावली. "रोज सकाळी रोपांना पाणी घाल. महिन्याला पंचेचाळीस रुपये."

कॉलेजचा माळी पुंजाराम शेजारी बसून विडी ओढायचा. "माझं काम तू करतोस, लय उपकार हायेत बाबा तुझे," म्हणून खदखदा हसायचा.

पाच तारखेला भाऊसाहेब भलंमोठं रजिस्टर उघडायचे, पानाच्या वरच्या भागावर टीपकागद ठेवायचे आणि बोट दाखवायचे. "इथं सही कर." रेव्हेन्यू तिकिटावर सही, की हातात पैसे. फक्त मे महिन्यात पगार नसायचा. नियमच तसा आहे, म्हणायचे. गुरुजी मे महिन्यातही पाणी घालायचे, फुकट. रोपांना काय उन्हाळ्याची सुट्टी असते?

"माझ्या घामाचे पैसे होते ते, पोरी! विश्वास नाही? चल कॉलेजात. शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव दाखव, किल्ली तुझी!"

तेजलने लगेच चपला घातल्या. यादीबिदीची तिला आशा नव्हती. कॉलेज बघून आजोबा विरघळतील, एवढीच होती.

आणि विरघळलेच ते! कडुलिंब दुमजली उंच झाले होते. गुरुजी एकेका खोडावर हात ठेवत चालले, कधी तेजलला विसरून नुसतेच उभे राहिले. "हा मरता मरता वाचलेला," एकाला थोपटत म्हणाले. डोळे पुसायचीही त्यांनी लाज धरली नाही.

ऑफिसातल्या अंजली मॅडमनी तासाभराने जुनं रजिस्टर शोधून आणलं आणि धूळ झटकून तेजलपुढे ठेवलं. ती पानं उलटत गेली. एका पानावर थांबली.

"सापडलं का नाव?" गुरुजींनी खुर्चीतूनच मिश्कीलपणे विचारलं. खिशातली किल्लीही वाजवून दाखवली.

तेजलने त्यांच्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं.

"नाही आजोबा. किल्ली राहू द्या. चला, घरी जाऊ."

"अगं, मला तरी बघू दे!"

ती नको नको म्हणत असताना त्यांनी रजिस्टर ओढलं, तिचं बोट अडकलं होतं तिथेच उघडलं आणि चष्मा लावला.

पानाच्या माथ्यावर, टीपकागद असायचा तिथे, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'सरकारी शिष्यवृत्ती वाटप'. खाली त्यांचं नाव, पंचेचाळीस रुपये आणि तिकिटांवर त्यांच्याच कोवळ्या हाताच्या सह्या. एप्रिलपर्यंत एकही चुकलेली नव्हती. मे महिन्याचा रकाना तेवढा कोरा होता.