पकड

पॉवरलिफ्टिंगचे सर रविवारी बेंबळीत येऊन महेश्वरीची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड उचलून ताठ उभं राहणं, बघणार होते आणि मगच तिला जिल्ह्याच्या संघात घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. इकडं घरच्या पडवीतला रॉड काही ऐकायला तयार नव्हता. कंबर साथ द्यायची, पायही साथ द्यायचे, पण गुडघ्यापर्यंत आला की रॉड बोटांतून सटकायचाच.

घामानंच होतंय असं धरून तिनं हात कोरडे ठेवणाऱ्या लिक्विड चॉकची बाटली मागवली. तळहाताला चोळून, फुंकर घालून चांगलं खडखडीत वाळवलं, तरी रॉड धरला की चॉकचा नुसता चिखल. मग भारीतलं चॉक मागवलं. त्याचीही तीच गत. शनिवारी सकाळी रॉड पुन्हा फरशीवर आदळला, तेव्हा तिनं बाटलीच भिरकावून दिली.

"मला न्हाय जमायचं, अप्पा. माझे हातच कामाचे न्हाईत."

किराणा दुकान उघडून, फडक्याला हात पुसत घरात आलेले सोमलिंगअप्पा लेकीचं तोंड बघून कळवळले. "तुझ्या हाताला काय झालंय, माय? त्या लोखंडाचंच कायतरी बिनसलंय." ते रॉडपाशी उकिडवे बसले आणि त्याच्यावरून मायेनं फडकं फिरवू लागले.

"दुकानाच्या शटरला देतो तसं रोज पहाटं ह्यालाबी करडीचं तेल चोळतो म्या, गंजू नये म्हणून. आता दोन टायमाला चोळत जातो."