साधूची सोयरिक

तानाबाईची काळी मांजर व्यायला बसली ती नेमकी बाबाराव गुरुजींच्या पेळूंच्या टोपलीत. आठ दिवस खपून गुरुजींनी कापूस पिंजला होता, एकेक पेळू हाताने वळला होता. आता ते ओसरीवर कमरेला हात लावून उभे होते. टोपलीत हात घालायची सोय नव्हती, मांजर दात दाखवत होती.

"तानाबाई!" त्यांनी काट्यांच्या कुपाटीकडे तोंड करून हाक मारली. "या, पाहा तुमच्या मांजरीचे चाळे!"

तानाबाईच्या घराने दोन वर्षांमागे नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली होती. गुरुजी त्याच्या किती तरी आधी मुद्दाम तिच्या वस्तीशेजारी राहायला आले होते. अस्पृश्यतेविरुद्धची त्यांची भाषणं कुपाटीपलीकडे स्पष्ट ऐकू जात.

तानाबाई पदराला हात पुसत आली. मागून तिचा मुलगा प्रेमदास आला. तो नागपूरला बी.एस्सी. करत होता, सुट्टीत घरी आला होता. दोघं अंगणात पायरीशी थांबली.

"सांगून ठेवतो," गुरुजी म्हणाले, "पिल्लाहिचे डोळे उघडले का आईसकट पोत्यात घालून धाम नदीच्या पलीकडे सोडून येतो. गावभर उंडारते ही. कापसाच्या जिनातल्या त्या काळ्या बोक्याचे प्रताप हायेत हे."

"जिनातलाच काऊन, गुरुजी?" तानाबाई म्हणाली. "तुमचा साधू बी तं हाये."

हे गुरुजींना लागलं. साधू हा त्यांचा तांबडा बोका, निव्वळ दूधभातावर वाढवलेला. उंदीर समोरून गेला तरी मान वळवत नसे. गुरुजींनी चाळिशीत ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं, बायकोला, लीलाबाईंना, न विचारता. त्याच दिवशी ते त्यांनी बोक्यालाही दिलं, त्यालाही न विचारता. हे ते सभेत अभिमानाने सांगत.

"भांडू नका," प्रेमदास म्हणाला. "बाप कोन ते पिल्लंच सांगतीन. रंगावरून."

"ते कसं?"

"मांजर काळी, जिनातला बोका काळा. बाप तो असला तं एकाही पिल्लाच्या अंगावर तांबडा केस निघनार नाई. बाप साधू असला तं जेवढ्या भाट्या, म्हंजे माद्या, निघतीन तेवढ्या काळ्या-तांबड्या ठिगळाच्या. अन् बोके निघतीन त्याहिच्या अंगावर तांबड्याचं नाव नाई."

"बाप एक अन् पोरी वेगळ्या, पोरं वेगळे?"

"मांजरात बाप हा रंग फक्त पोरीले देते, गुरुजी. पोरगा तो आईकडूनच घेते. लोकाहिनं पिढ्यान्‌पिढ्या मोजून पाह्यलं हाये. मले परीक्षेत आलतं."

गुरुजींचा विज्ञानावर विश्वास होता, साधूवर त्याहून जास्त. "ठरलं," ते म्हणाले. "तांबडं नाई निघालं तं मांजर नदीपार."

"अन् निघालं तं?" तानाबाईने विचारलं.

गुरुजींनी हात उडवला. तशी वेळ येणारच नव्हती.

पहिलं पिल्लू आलं. काळंभोर. गुरुजी हसले.

"शेपटी उचलून पाहा," प्रेमदास अंगणातून म्हणाला. "खाली दोन ठिपके दिसतीन. जवळ हायेत का दूर?"

गुरुजींनी डोळे अर्धे मिटून पाहिलं. मांजरीने त्यांचा अंगठा ओरबाडला. "दूर."

"बोका. मंग काळा राहीनच. थांबा."

दुसरंही काळं. तोही बोका. गुरुजी आत गेले आणि पोतं घेऊनच बाहेर आले.

तिसऱ्याला मांजर बराच वेळ चाटत राहिली. गुरुजी वाकले. ओल्या अंगाचा भास असेल म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्याने पिल्लू पुसलं. काळ्या पाठीवर तांबडी ठिगळं होती आणि एक कान अख्खा तांबडा.

"शेपटी," प्रेमदास म्हणाला.

ठिपके अगदी जवळजवळ होते. "भाटी," गुरुजी पुटपुटले.

चौथ्याचं नाक अर्धं काळं, अर्धं तांबडं होतं. "हे बी भाटी," त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं.

चरख्याखाली साधू झोपला होता. गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने एक डोळा उघडला, मालकाला पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"दूधभात खाऊन?" गुरुजी कळवळून म्हणाले.

"दूधभातानं काई फरक पडत नाई, गुरुजी," प्रेमदास म्हणाला.

तानाबाईने तोंडाला पदर लावला. मग तो काढून ती सरळच म्हणाली, "मंग आपली सोयरिकच झाली म्हना."

सोयरिक! जातीजातींत ती व्हावी म्हणून या शब्दावर गुरुजी तास-तास बोलले होते, गावोगाव. त्यांना तो असा त्यांच्याच दारात कुणी ऐकवला नव्हता. त्यांनी वर पाहिलं. मायलेक अजून पायरीखालीच उभी होती.

"अवो!" लीलाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या होत्या. "इहीनबाईले उन्हात काऊन उभं ठेवलं? पाट द्या बसाले! अन् ते पोतं ठेवा बरं खाली."

गुरुजींनी पोतं ठेवलं. चरखा बाजूला ओढला, पाट मांडला. तानाबाई पायरी चढून आली, पाटावर बसली. लीलाबाईंनी आधी कप तिच्या हातात दिला, मग प्रेमदासच्या, मग गुरुजींच्या.

तानाबाईने एक घोट घेतला. टोपलीत पाहिलं.

"पोरगी आमची गरीब हाये, गुरुजी," ती गंभीरपणे म्हणाली. "नीट नांदवजा."

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि वरपक्षाचे असूनही दोन्ही हात जोडले.