जास्त आवाजाचं मशीन

"याहून जास्त आवाजाचं नाही का?" संजनाने विचारलं.

कॉलेज रोडवरच्या दुकानातला विक्रेता यादव बुचकळ्यात पडला. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आवाज कमी आहे ना, हेच आधी विचारतं. म्हणून त्याने सगळ्यात शांत मॉडेल पुढे केलं होतं. शेजारी झोपलेलं माणूससुद्धा उठणार नाही, असं सांगून झालं होतं.

"एक ड्रमवालं आहे ताई. ओली-सुकी दोन्ही घाण ओढतं. पण ते हॉटेलवाले, गॅरेजवाले नेतात. घरात कान किटतील."

"लावून दाखवा."

त्याने बटण दाबलं. अख्ख्या दुकानाने वळून पाहिलं. संजना मात्र डोळे मिटून ऐकत राहिली. कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल पडलेले तिच्या नवऱ्याने, दिनेशने, पाहिले.

"हेच द्या," तो म्हणाला.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या लहानशा फ्लॅटला एवढं अवजड मशीन शोभत नव्हतं. पण संजनाने त्याची निगा मन लावून राखली. टाकी भरायच्या आत रिकामी करायची. ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढायचे. फिल्टर धुऊन सावलीत वाळवायचा, कारण ओला बसवला तर मोटर जाते. तो वाळेपर्यंत अडायला नको म्हणून तिने जादा फिल्टर आणून ठेवला होता. एकही दुपार मशीनवाचून जाऊन चालणार नव्हती.

दुपारी रुद्र रडायचा.

रुद्र त्यांचा मुलगा. थंडीत न्यूमोनियाने गेला, तेव्हा धड बसायलाही लागला नव्हता. जेवणं आटोपून घर निवांत झालं की झोपेतून उठून रडायची त्याची सवय होती. तो गेल्यावर काही दिवसांनी, तशाच एका निवांत दुपारी, आतल्या खोलीतून संजनाला पुन्हा ते रडणं ऐकू आलं. आधी कुरकुर, मग हुंदके, मग श्वास अडकेपर्यंतचा आकांत. मग ते रोजचंच झालं.

दिनेशने तिला वेड्यात काढलं नाही. बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावर जाऊन त्याने विचारलं, कुणाकडे तान्हं बाळ आहे का? कुणाकडेच नव्हतं. खालच्या फ्लॅटला तर कुलूपच होतं.

"कुठेच बाळ नाही गं," तिचा हात हातात घेऊन तो म्हणाला. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

एरवी तो दिवसभर सातपूरला कंपनीत असायचा. रविवारी घरी असला की दुपारी स्वतःच मशीन फिरवायचा. "तू पड जरा," म्हणायचा. "मी करतो."

मे महिन्यात एका दुपारी मशीनची घरघर बारीक झाली, मोटर तापली आणि ते आपोआप बंद पडलं. संजनाने नळी काढून झटकली. पलंगाखालून ओढलं गेलेलं रुद्रचं टोपडं आत अडकलं होतं. ते हातात धरून ती बसली, आणि आतून रडणं स्वच्छ ऐकू आलं. ती तशीच उठून जिन्यात गेली. संध्याकाळी दिनेश आला तेव्हा ती पायरीवर कान दाबून बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो तिला मनोविकारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आवाज दाबू नका. त्याच खोलीत बसा, येऊ द्या. फक्त उठू नका, शोधू नका, जवळ घ्यायला जाऊ नका. मन हळूहळू सोडून देतं."

"आणि नाही सोडलं तर?"

"सोडतं. वेळ द्या."

संजना रोज दुपारी आतल्या खोलीत बसू लागली. रडणं सुरू झालं की तिचे हात आपोआप उचलले जायचे. ती ते मांडीवर घट्ट दाबून धरायची. मनगटांवर नखांचे वळ उठायचे. पण ती उठली नाही. रडणं मग थोडं लांब गेल्यासारखं वाटलं. भिंतीपलीकडून आल्यासारखं, मग बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाकडून. आणि एका दुपारी ती ऊन कलेपर्यंत बसून राहिली, तरी काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

"आज नाही रडला," तिने दिनेशला सांगितलं.

"खरंच?" त्याने विचारलं. आतल्या खोलीच्या दाराकडे बघत त्याने पुन्हा विचारलं, "खरंच नाही ऐकू आलं तुला?"

"नाही आलं."

तो पुढे आला. तिला जवळ घेऊन बराच वेळ उभा राहिला.

मशीन नांदगावच्या नणंदेला देऊन टाकलं. संजनाने, ती शिकवायची त्या शाळेत फोन करून, जूनपासून रुजू होते म्हणून कळवलं. कितीतरी दिवसांनी तिने पुरणपोळ्या केल्या.

त्याच आठवड्यात खालच्या फ्लॅटचं कुलूप निघालं. एके दिवशी उन्हं उतरल्यावर दारात नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

"मी आक्काबाई. खाली लेकाकडं ऱ्हायला आलेय. आमी सायखेड्याचं."

संजनाने त्यांना आत घेतलं, चहा टाकला. चहा छान झाला होता, तसं आक्काबाई म्हणाल्याही. पण त्यांची नजर सारखी घरभर फिरत होती. कप खाली ठेवून त्या जरा पुढे सरकल्या.

"एक बोलू का पोरी? राग नको धरू."

"बोला ना आजी. मशीनचं कुणी सांगितलं का तुम्हाला? ते देऊन टाकलं आम्ही. आता कसलाच आवाज नाही."

"मशीनचं नाय गं. आवाजाचं मला काय? ट्रॅक्टरच्या घरघरीत जन्म गेला माझा." आक्काबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आलो तवापासनं रोज दुपारी ऐकतेय. आज तर पार घसा बसलाय लेकराचा. एवढं रडतंय, तर त्याला कुणी उचलून का घेत नाय?"